भिंतीवरचं शेत

लोधीपुऱ्यात लोक मला पाठीमागे शेण्या रंगारी म्हणायचे. तोंडावर म्हणायची कोणाची छाती नव्हती, कारण मी हातात असेल ते फेकून मारत असे. मला राग येत नाही असं मी दाखवायचो, पण राग यायचा. आजही येतो.

मी शिकलेला माणूस नाही. दुसरी झाली आणि मास्तरच्या छडीवरून शाळा सुटली. अक्षर वळणदार नव्हतं, म्हणून दुकानांच्या पाट्यांचं काम मला कधी मिळालं नाही. लग्नघरच्या दारावर हत्ती-घोडे काढायचे, पोळ्याला बैलांची शिंगं रंगवायची, दिवाळीला लोकांच्या घरांना चुना द्यायचा, यावर माझं पोट होतं. पण ते पोटाचं. माझं खरं काम दुसरं होतं आणि ते मी कोणाच्या सांगण्यावरून करत नव्हतो.

मी जमीन काढायचो. गोणपाट ताणून बांधायचं, त्यावर विणकर सुताला लावतात ती चिंचोक्याची खळ घट्ट फासायची. तिच्यात तापीची वाळू, काळी माती, राख, ज्वारीचा कोंडा, जे लागेल ते कालवून थर द्यायचे. गेरू, पिवळी माती, काजळी, एवढेच रंग. सावलीच्या जागी केळीचा चीक. त्याचा डाग कपड्याला लागला तर कपडा फाटेपर्यंत जात नाही, तसा तो चित्रातही टिकतो. माझ्या चित्रात माणूस नसायचा, देऊळ नसायचं, हरीण नसायचं. नुसती भेगाळलेली जमीन, नांगरट, नदीचा ओला काठ आणि वर एक पट्टी आभाळ. ती पट्टीही मला जास्त वाटायची.

नाटकवाले गावात यायचे तेव्हा त्यांचे पडदे मी पाहिले होते. त्यावर रस्ता, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना एकसारखी झाडं आणि टोकाला महाल. लोक बघून वाहवा करायचे. मला वाटायचं, या माणसाने कधी झाडाखाली बसून भाकर खाल्ली आहे की नाही.

एकदा मोजणीचा गोरा साहेब गल्लीतून जाताना माझ्या दारापुढे थांबला. उन्हाला आडोसा म्हणून मी एक गोणपाट बाहेर टांगलं होतं. तो बराच वेळ पाहत राहिला. मग त्याने शिपायाकरवी मला विचारलं, याची वरची बाजू कोणती. मी दाखवली. साहेबाने मान हलवली आणि गेला. गल्लीला वर्षभर हसायला पुरलं ते. मी मात्र ती इज्जत समजलो. ज्याला काही दिसत नाही तो वरची बाजू विचारत नाही, असं माझं म्हणणं होतं, आणि माझं म्हणणं मी सोडत नसे.

माझ्या चित्राला चित्र म्हणणारा घरात एकच माणूस होता, माझा मोठा भाऊ. मी त्याला दादा म्हणायचो. माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठा. आमचा बाप मेला तेव्हा देडतलाईच्या पुढचं आमचं शेत वाटणीत काकाकडे गेलं. दादा मला हाताला धरून बुऱ्हाणपुरात घेऊन आला. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांचा असेन. तो कापसाच्या जिनात कामाला लागला. त्याच्या कमाईवर मी वाढलो आणि मोठा झाल्यावरही निम्मा त्याच्याच कमाईवर राहिलो. लग्न त्याने केलं, मी केलं नाही. संध्याकाळी तो कामावरून यायचा, मिशीवर, भुवयांवर रुई बसलेली, आणि दारातूनच विचारायचा, "काय रे, आज किती टोपल्या जमीन काढली?"

"दोन."

"अन् विकली किती?"

"तुले काय करायचं?"

वैनी आतून म्हणायच्या, "इकली तर नाही, पण माह्या अंगणातली राख मात्र सगळी संपली." मग दादा हसायचा आणि हसता हसता खोकायचा. तो खोकला आम्ही कितीतरी दिवस हसण्याचाच भाग समजत होतो.

मग एका पावसाळ्यात थुंकीत रक्त आलं. जिन सुटलं. तापीच्या पलीकडे, संस्थानच्या हद्दीत, एक म्हातारे वैद्य होते. त्यांना बैलगाडी पाठवून आणलं. त्यांनी नाडी पाहिली, पाठीला कान लावला आणि वैनींना सांगितलं, दूध द्या, ऊन द्या आणि खिडकी उघडी ठेवा. रात्री गार वाटलं तर गोधडी घाला, पण खिडकी लावू नका. या रोगाला हवा लागते. मी तिथेच उभा होतो. हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे, हे इथं लिहून ठेवतो.

दिवाळी झाली तसं दादाला शेत आठवायला लागलं. आधी नुसतं बोलायचा. मग म्हणाला, "मले एकदा घेऊन चल. बांधावर बसतो, अन् येतो परत."

वैद्य म्हणाले, दोन दिवसांची गाडीवाट आहे, वाटेतच जाईल.

मी दादाच्या खाटेपाशी बसलो होतो. म्हणालो, "तुले कुठी जायची गरज नाही. शेत मी इथं आणतो."

हे मी कळवळ्याने बोललो, यात खोटं नाही. पण त्यात दुसरंही काही होतं. तोपर्यंत मी गोणपाटावर काम केलेलं. गोणपाटाला उंदीर लागायचे, पावसाळ्यात बुरशी धरायची. पक्क्या भिंतीवर, ओल्या चुन्यात, वाळूचे थर देऊन एक मोठं काम करायचं माझ्या डोक्यात कितीतरी वर्षं होतं. ती भिंत मला कोणी दिली नसती. दादाने दिली.

खाट भिंतीपासून दोन हातांवर होती. आधीचा गिलावा मी सगळा खरवडून काढला. कळीचा चुना महिनाभर भिजवून ठेवलेला होताच. त्यात तापीची जाड वाळू, गुळाचं पाणी, अंबाडीचे बारीक कापलेले धागे घातले आणि पहिला थर मारला. असा गिलावा सावकाश वाळला पाहिजे. वारा लागला की तडे जातात, आणि वाळल्यावर रंग आत शिरत नाही. पौषाचा महिना होता, उत्तरेचा कोरडा वारा खिडकीतून थेट भिंतीवर यायचा. मी खिडकी लावली. फटीत चिंध्या कोंबल्या. भिंतीवर ओली पोती टांगली आणि दिवसातून तीनदा त्यांवर पाणी मारायला लागलो.

वैनी कामावरून आल्या. त्या शेजारच्या वाड्यांत दळणकांडण करायच्या. दारातच थांबल्या.

"भाऊजी, खिडकी काहून लावली?"

"चुना तडकते."

"अन् माणूस?"

मी पोत्यांवर पाणी मारत राहिलो. दादाच खाटेवरून म्हणाला, "राहू दे वं. चार दिवसांचं तर काम आहे."

"चार दिवस, मोजून," वैनी म्हणाल्या. लागले बारा.

पहिले पाच-सहा दिवस फार चांगले गेले. एवढे चांगले दिवस त्या घरात आधी आले नव्हते. दादा उशीला टेकून बसायचा आणि मला सांगायचा. बांध सरळ नव्हता, मध्ये वाकडा होता. पूर्वेच्या कोपऱ्यात चुनखडी वर यायची, तिथं ज्वारी पिवळी पडायची. मी ते सगळं घेतलं. बांध वाकडा केला. चुनखडीच्या जागी वाळू जाड टाकली आणि बोटांनी ओरबाडली. काळी जमीन करायला खरी काळी मातीच चुन्यात दाबली. ज्वारी कापल्यावर मागे राहतात ते खुंट मी काढले नाहीत, कोंडा थापून ठेवला आणि थापीच्या कडेने उभा उचलला. जवळून पाहिलं तर काही नाही. खाटेवरून पाहिलं तर पाय टाकायला भीती वाटेल, एवढे टोचणारे.

दादा म्हणाला, "अरे, याच्यावर तर मी अनवाणी पळालो आहे."

मला त्या दिवशी जे वाटलं ते पुन्हा कधी वाटलं नाही.

खोलीत चुन्याचा आणि ओल्या पोत्यांचा वास भरलेला होता. भिंत पाझरायची. दादाची गोधडी सकाळी दमट लागायची. वैनी ती अंगणात उन्हात टाकायच्या आणि माझ्याकडे न बघता आत यायच्या. खोकला वाढला होता. मी म्हणायचो, थंडीचा आहे.

सातव्या-आठव्या दिवशी दादाने विचारलं, "इहीर कुठी आहे?"

आमच्या शेतात एक विहीर होती. बापाने स्वतः खोदलेली. दादाने तिच्या काठाचे दगड लहानपणी डोक्यावर वाहिले होते. मी तेव्हा रांगत असेन.

मी म्हणालो, "इहीर नाही दिसत तिथून."

"कुठून?"

"बांधावरून. बाभळीखालून. आपण भाकर खायले बसायचो तिथून. मधी जमीन उचलली आहे, तिच्या मागं आहे इहीर. मी तिथून काढून राहिलो."

"दिसते रे."

"नाही दिसत."

दादाने भिंतीकडे पाहिलं. मग म्हणाला, "बरं, नसल दिसत. तरी काढ."

"नाही दिसत ते कसं काढू?"

"एक गोल काढायले काय लागते? तुह्या वैनीची बांगडी घे, ठेव, अन् फिरव बोट."

तो चेष्टेत बोलला. हसतही होता. पण मला ते लागलं. गल्लीतले लोक बोलायचे तेच हे बोलणं, आणि तेही दादाच्या तोंडून. मी म्हणालो, "बांगडी फिरवणारे गावात खूप आहेत. त्यातला एखादा बोलव. माह्याकडून नाही होणार."

दादाने मान हलवली. पुन्हा विचारलं नाही. दोन दिवस त्याने काहीच सांगितलं नाही, बांध नाही की जमीन नाही. मी काम करत राहिलो. मला वाटलं, चित्र पुरं झालं की त्याला कळेल.

दहाव्या दिवशी दुपारी वाळू संपली. मी टोपली घेऊन नदीवर गेलो. वैनी कामावर होत्या. दोन तासांनी परत आलो तर दादा भिंतीकडे तोंड करून पडला होता, डोळे मिटलेले, कपाळावर घाम. खाटेखाली पाण्याचा तांब्या कलंडलेला. आणि भिंतीवर, माझ्या त्या उचललेल्या जमिनीच्या मध्यावर, ओल्या चुन्यात एक वाकडातिकडा गोल होता. नखाने कोरलेला. सुरुवात आणि शेवट जुळले नव्हते. एका बाजूला बोटं घसरून खाली ओढली गेली होती, तिथं कोंडा सगळा उखडला होता.

त्या माणसाला तोपर्यंत अंगणात जायलाही दोन माणसं लागत होती. दोन हातांचं अंतर तो एकटा कसा चालला असेल, हे माझ्या मनात नंतर आलं. त्या वेळी मनात आलं ते एवढंच, की चुना आता घट्ट होत आला आहे, लगेच हात मारला नाही तर हा ओरखडा कायमचा राहील.

मी थापी घेतली. पाणी शिंपडलं. वाळूचा नवा थर दिला आणि गोल बुजवून टाकला. वरून काळी माती दाबली, कोंडा थापला. माझा हात चांगला आहे. काम संपलं तेव्हा तिथं काही होतं हे ओळखू येत नव्हतं. मागे वळलो तर वैनी दारात उभ्या होत्या. केव्हा आल्या कोण जाणे. त्या आत आल्या. तांब्या उचलून सरळ ठेवला.

त्या संध्याकाळी दादाने वैनींना सांगितलं, "माही खाट फिरव. मान दुखते या कुशीवर."

खाट फिरवली. आता त्याचं तोंड बंद खिडकीकडे होतं. दुसऱ्या दिवशी मी फटीतल्या चिंध्या काढून खिडकी उघडली. भिंत अजून ओलीच होती. वाऱ्याने तिला दोन दिवसांत तडे गेले, आणि खरं सांगायचं तर ते तडे मला आवडले. मी त्याला म्हणालोही, "दादा, एकदा बघ तर. आता तर पुरी आपली जमीन झाली, भेगा पडल्या."

"बघतो," तो म्हणाला. कूस बदलली नाही.

माघ लागला आणि तो गेला. वैद्य नंतर म्हणाले, भिंत नसती तरी त्याने होळी पाहिली नसती. गल्लीत दुसरं बोलत होते, की भावाने भावाला चुन्यात घातलं. मी दोन्ही ऐकलं. कोणाशी भांडलो नाही.

आमच्यात तेराव्याच्या आधी घराला चुना देतात, आतून-बाहेरून, माणूस गेला त्या खोलीला आधी. वैनींनी बादलीत चुना कालवून ठेवला आणि कुंचा माझ्यापुढे धरला. मी म्हणालो, ही एक भिंत राहू द्या. त्याच्यासाठी केलेली आहे.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "तुम्ही थापी मारली तेव्हा त्यायले झोप नव्हती लागली."

मी कुंचा घेतला.

पहिल्या हातात जमीन फिकी झाली. दुसऱ्या हातात बांध गेला. चुना द्यायच्या आधी मी तो गोल शोधायचा प्रयत्न केला होता, हे सांगायला पाहिजे. बोटांनी चाचपलं, थापीच्या टोकाने दोन-तीन ठिकाणी उकरलं. सापडला नाही. चार हात दिले तरी केळीच्या चिकाचे डाग चुन्यातून वर यायचे, तपकिरी. पाहुणे विचारायचे, ओल आली काय. वैनी हो म्हणायच्या.

उन्हाळ्यात मी एकटाच देडतलाईकडे गेलो. कोणाला कारण सांगितलं नाही. मी खरा होतो हे मला डोळ्यांनी पाहायचं होतं, दुसरं काही नाही. चुलतभावाने पाणी दिलं, म्हणाला, "इतक्या वर्षांनी वाट कशी काय सापडली?" मी म्हणालो, "शेत पाहतो जरा." तो म्हणाला, "पहाय. पाहायले काय, ढेकळं आहेत नुसती."

बाभूळ तीच होती. वाकडा बांध तोच. मी भाकर खायला बसायचो त्या जागी मांडी घालून बसलो आणि समोर पाहिलं.

विहीर दिसत होती. उचललेल्या जमिनीच्या वर तिच्या काठाचे दगड आणि मोटेचं लाकूड. एक बाई घागर काढत होती, ती कमरेपासून वर पुरी दिसत होती.

मला वाटलं, काठ नंतर वाढवला असेल. चुलतभावाला विचारलं. तो म्हणाला, "काही नाही वाढवलं, आहे तसंच आहे." मग मी तिथंच खाली वाकलो, हनुवटी पार गुडघ्यांना लावली. विहीर गेली. समोर नुसती जमीन, मी काढली होती तशी, खुंटांसकट. पुन्हा ताठ बसलो, विहीर आली. किती वेळा असं केलं कोण जाणे. चुलतभाऊ बघत उभा होता, त्याला वाटलं पोटात दुखतं माझ्या.

आठ वर्षांच्या पोराला तिथं बसून विहीर दिसत नव्हती. पंधरा वर्षांच्या दादाला दिसत होती. आम्ही रोज शेजारी बसून भाकर खात होतो.

त्यानंतरही मी चित्रं काढली. बंद केली असं कोणी समजू नये. म्हातारपणी बहादरपूरच्या एका केळीवाल्याने दोन नेली, बैठकीत लावली असं म्हणतात. मी पाहायला गेलो नाही.

देडतलाईहून घरी पोचलो तर वैनी ओसरीवर तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी कुठं गेलो होतो हे त्यांना कसं कळलं, माहीत नाही. माझ्या धोतराला काळी माती लागलेली होती, त्यावरून असेल. त्यांनी मान वर केली नाही.

"आहे का अजून इहीर?"

"आहे."

"पाणी?"

"आहे. बाया भरतात."

त्यांनी सूप झटकलं. मी बाकीचं सांगायला तोंड उघडलं होतं. मग पाय धुवायला मोरीकडे गेलो.